बस्त्यावची उंच जीप

माझी नोकरी खड्ड्यातली होती. काशीमिऱ्याला हायवेलगतच्या एका टायरच्या दुकानात मी व्हील अलाइनमेंट करायचो. दुकानाच्या फरशीत एक लांबट खड्डा होता. वर गाडी, खाली मी. गिऱ्हाईक बोलायला लागलं की मला त्याच्या फक्त चपला दिसायच्या आणि आवाज वरून यायचा. माणसाचा चेहरा बघायच्या आधी त्याच्या गाडीचं पोट बघायची सवय मला तिथेच लागली, आणि निवृत्त झालो तरी ती गेलेली नाही. भाईंदर पूर्वेला इंद्रलोकमध्ये आमच्या बिल्डिंगखाली उभ्या असलेल्या गाड्यांचे टायर मी अजून येताजाता वाकून बघतो. बायको म्हणते, लोक संशय घेतील.

आमच्या लातूरकडच्या नातेवाइकांना माझं काम शेवटपर्यंत कळलं नाही. ‘चाकं सरळ करतो’ म्हटलं की विचारायचे, वाकडी होती का? होती, पण डोळ्यांना दिसणार नाही इतकी. गाडीचं चाक नुसतं गोल असून चालत नाही. ते किती आत वळलंय, किती कललंय, वरून किती मागे रेललंय, या सगळ्याचा मेळ बसला की गाडी नाकासमोर चालते. नाही बसला की टायर एका बाजूने झिजतो, स्टीअरिंग ओढतं आणि चालवणाऱ्याचे खांदे भरून येतात.

कधी कधी दोष गाडीत नसायचाही. एक गृहस्थ सारखे यायचे. गाडी डावीकडे ओढतेय, म्हणायचे. मशीनवर सगळे आकडे हिरवे. शेवटी मी शेजारी बसून चक्कर मारली. बघतो तर यांचा डावा हात स्टीअरिंगला पिशवीसारखा लटकलेला. ओढत होता तो हात. त्यांना कसं सांगावं कळेना. शेवटी म्हटलं, ‘साहेब, उजव्या हातालाही थोडं काम द्या.’ त्यानंतर ते आले नाहीत. राग आला की गाडी सरळ झाली, देव जाणे.

पण आज लिहायला बसलोय ते एका जीपबद्दल. मेट्रोचं काम जोरात चालू होतं आणि आमच्या भागातल्या रस्त्यांची चाळण झाली होती, त्या दिवसांतली गोष्ट.

दुपारी दुकानासमोर एक जुनी जीप येऊन उभी राहिली. आमच्या लहानपणी सरकारी साहेबांकडे असायची तसली, फक्त ही भलतीच उंच होती. मोठमोठे टायर, आणि खाली इतकी मोकळी जागा की लहान पोर न वाकता आरपार जावं. त्यातून एक तिशीची मुलगी अक्षरशः उडी मारून उतरली. तिचे दोन्ही तळवे लाल झाले होते.

“काका, ही सरळ होईल का? नाहीतर मी विकून टाकतेय,” ती म्हणाली.

तिचं नाव ग्लोरिया. उत्तनच्या बाजूला चौक गाव आहे, तिथली. वडील बस्त्याव, मच्छीमार. त्यांना अर्धांगवायूचा झटका येऊन गेला होता. डावा पाय हळूहळू परत येत होता, डावा हात मात्र तसाच राहिला होता. भाईंदरला व्यायामाच्या उपचारासाठी त्यांना नेहमी आणावं लागायचं. रिक्षात बसायला ते तयार नव्हते, बसचं तर नावच नको. जायचं तर आपल्या जीपनेच. म्हणून ग्लोरिया जीप चालवायला शिकली. ती एका शाळेत ऑफिसात कामाला होती. सुट्टी टाकून बापाला आणायची, न्यायची.

आणि आदल्या दिवशी राई गावाजवळ खाडीच्या रस्त्यावर एका खड्ड्यात पुढचं चाक आदळलं आणि स्टीअरिंग हातात थडथडायला लागलं.

“थडथडायला म्हणजे काय सांगू तुम्हाला,” ती म्हणाली. “कोणीतरी माझ्या हातातून ते हिसकावतंय असं. सगळी गाडी हलत होती. एका बाजूला खाडी, समोरून टेम्पो. कशी थांबवली मलाच माहीत नाही. आणि थांबल्यावर पप्पा काय म्हणाले माहितेय? ‘गाडीला काय न्हाय झालेला. तुला चालवता येत न्हाय.’ कालपासून आम्ही बोलत नाही आहोत.”

मी खड्ड्यात उतरलो. वर बघितलं आणि माझ्या लक्षात आलं की ती मुलगी काल नशिबाने वाचली.

साध्या भाषेत सांगतो. सायकलचा पुढचा दांडा आठवा. तो सरळ उभा नसतो, जरा मागे रेललेला असतो. म्हणून उतारावर हात सोडला तरी सायकल आपली आपण सरळ जाते. जीपच्या पुढच्या चाकांनाही असंच मागे रेललेलं असावं लागतं. या जीपला उंच करताना पुढच्या पाट्यांच्या, म्हणजे गाडीचा भार पेलणाऱ्या कमानदार पोलादी स्प्रिंगांच्या, टोकांना लांब लोखंडी पट्ट्या लावल्या होत्या. त्यामुळे गाडी उचलली गेली खरी, पण पुढचा अख्खा आस पुढे कलला आणि चाकांचं ते रेलणं संपलं. मॉलमधल्या ट्रॉलीचं एखादं चाक कसं फडफडतं, तशी चाकं फडफडायला मोकळी झाली. शिवाय स्टीअरिंगपासून चाकाकडे जाणारा दांडा जवळपास आडवा असायला हवा, तो घसरगुंडीसारखा तिरका झाला होता. चाक खड्ड्यात गेलं की हा दांडा आपणच चाकाला वळवायचा. त्याचे सांधे झिजून खुळखुळत होते. आणि हे सगळं झाकायला कोणीतरी एक शॉक ॲब्सॉर्बर आडवा बसवून दिला होता, थरथर दाबून धरायला. तो कधीचाच गळून रिकामा झाला होता.

हौसेसाठी गाडी उचलून घेणारी पोरं माझ्याकडे यायची. त्यांना माझं उत्तर ठरलेलं असायचं. ग्लोरियालाही तेच दिलं.

“उंची काढून टाकू. होती तशी करू. सगळ्यात सोपं आणि सगळ्यात चांगलं.”

“करा,” ती म्हणाली. “मला तर त्या उंचीचा कायमच वैताग आहे. गावात सगळे हसतात. पण पप्पांना विचारावं लागेल. गाडी त्यांची आहे.”

दुसऱ्या दिवशी ती वडिलांना घेऊन आली, रिक्षाने. बस्त्याव रिक्षातून उतरले तेच मुळी रागात. उन्हाने रापलेला उंचापुरा माणूस, हातात काठी, डावा हात शर्टाच्या बटणांमध्ये अडकवून ठेवलेला. माझ्याकडे न बघता ते जीपपाशी गेले आणि बॉनेटवर उजवा हात ठेवून उभे राहिले.

मी समजावून सांगितलं. त्यांनी ऐकून घेतलं.

“उंची कमी करायची न्हाय,” ते म्हणाले. झटक्यानंतर त्यांचं बोलणं संथ झालं होतं, पण शब्द पक्के.

“पण ती धोक्याची आहे हो दादा.”

“गाडीला दोष न्हाय.”

अशा वेळी वाद घालण्यात अर्थ नसतो. मी म्हटलं, “चला, मी चालवतो. तुम्ही शेजारी बसा. मला दाखवा.”

ग्लोरिया मागे बसली. दुकानामागच्या मोकळ्या रस्त्याने मी गाडी काढली. सुरुवातीला जीप नुसती भरकटत होती, सतत सावरावी लागत होती. मग जरा वेग घेतला, एका खड्ड्यात चाक गेलं, आणि ते सुरू झालं. इतकी वर्षं मी या धंद्यात, पण माझ्याही हातातून स्टीअरिंग सुटायच्या बेतात आलं. पाय, सीट, दात, सगळं हलत होतं.

तेवढ्यात डावीकडून बस्त्यावचा उजवा हात आला. त्यांनी स्टीअरिंग पकडलं ते असं की जाळं ओढणाऱ्या माणसानेच पकडावं. “गॅस सोड! ब्रेक नको! सोड नुसता!” ते ओरडले. मी पाय काढला. त्यांनी स्टीअरिंग दाबून धरलं, किंचित एका बाजूला नेलं, आणि जीप थरथरत थरथरत शांत झाली.

रस्त्याच्या कडेला आम्ही थांबलो. बस्त्यावचा हात अजून स्टीअरिंगवर होता.

“ही असा करते,” ते खाली बघत म्हणाले.

“कधीपासून?”

“उंच केली तवापासून.”

“मग कोणाला दाखवली नाहीत?”

“दाखवायचा काय? मी धरत होतो.”

मागून ग्लोरियाचा आवाज आला. ती ओरडली नाही. ओरडली असती तर बरं, इतक्या हळू बोलली. “पप्पा, तुम्हाला माहीत होतं. आणि मला म्हणालात, तुला चालवता येत नाही.”

बस्त्यावनी स्टीअरिंगवरचा हात काढून मांडीवर ठेवला. मग माझ्याकडे बघून बोलायला लागले, पण ते बोलत होते मागे बसलेल्या मुलीशी, हे मला कळत होतं.

“हिची आजी… माजी आय. हिला आठवत न्हाय, ही बारकी होती. आयच्या छातीत दुखाया लागला. बाहेर मोठी भरती, वरून पाऊस. मी तिला गाडीत घातली. खाडीच्या रस्त्यावर पानी आलेला. तवा गाडी खाली होती, सगल्यांची असते तशी. पानी इंजिनात गेला, गाडी बंद परली. पुढं जाता येत न्हाय, मागं जाता येत न्हाय. आय माज्या मांडीवर गेली.” ते थांबले. “मंग मी गाडी उंच केली. पुन्हा कोनाला घेऊन निघालो तर थांबाय नको.”

ग्लोरियाला आजी वाटेत गेली एवढंच माहीत होतं. जीपची उंची म्हणजे बापाची मिजास, असंच ती आजवर समजत आली होती. ती मागून पुढे वाकली आणि तिने बापाच्या खांद्यावर कपाळ टेकवलं. मी उतरून टायर बघायला गेलो. टायरमध्ये बघण्यासारखं काही नव्हतं.

परत आल्यावर मी म्हणालो, “दादा, उंची राहील. पण ती मिळवायची जागा बदलू.”

या कामाचा मला अभिमान आहे, म्हणून थोडं सविस्तर सांगतो. लांब पट्ट्या काढून टाकल्या. त्यांच्या जागी मुळात होत्या तेवढ्याच आखूड बसवल्या. उंची द्यायची ती पाट्यांच्या कमानीतून. त्यासाठी मी पाटे घेऊन रशीदभाईंकडे गेलो. त्यांची पाटे बनवायची भट्टी आमच्या दुकानापासून जवळच. त्यांनी जुना पाटा हातोडीने टणकन वाजवून बघितला आणि मान हलवली. “वाघमारेभाई, इसको मोड़ूंगा तो टूटेगा. नया बनाना पड़ेगा.” त्यांनी नवे पाटे बनवले, जास्त गोलाईचे. मग पाटा आणि आस यांच्यामध्ये मी पाचरीसारखे पोलादी तुकडे बसवले, म्हणजे आस मागे रेलला आणि चाकांचं रेलणं परत आलं. स्टीअरिंगच्या पेटीखालचा आर्म बदलून खाली उतरणारा टाकला, त्यामुळे तिरका दांडा जवळजवळ आडवा झाला. सांधे नवे. चाकं ज्यावर वळतात ती बेअरिंग नवी.

तो आडवा शॉक ॲब्सॉर्बर मात्र मी काढून बाजूला ठेवला. ग्लोरिया म्हणाली, “अहो, तो तर थरथर थांबवायला असतो ना?”

“म्हणूनच काढला,” मी म्हटलं. “आधी त्याच्याशिवाय सरळ चालू दे. आत काही राहिलं असेल तर मला दिसायला हवं. नवा सगळ्यात शेवटी लावू.”

शेवटची गंमत म्हणजे आमच्या मशीनचे पंजे त्या मोठ्या टायरांवर बसेनात. मग मी धंद्याला लागलो तेव्हाची पद्धत काढली. चाक उचलून फिरवायचं, टायरवर खडूची रेघ मारायची, आणि दोन चाकांमधलं अंतर पुढून आणि मागून दोरीने मोजायचं. पुढून किंचित कमी हवं. किती किंचित, ते बोटांना कळतं. आता सगळं पडद्यावर असतं, लाल की हिरवं. वाईट आहे असं नाही. पण गाडीला हात न लावता दिवस जातो, याची मला उगीच हळहळ वाटायची. त्या दिवशी गुडघ्यांवर बसून खडू घासताना मी चांगलाच खुश होतो.

गाडी खाली उतरवली. ग्लोरियाला म्हटलं, तू चालव. बस्त्याव दुकानात स्टुलावर बसून राहिले. येत नाही म्हणाले. मी तिच्या शेजारी बसलो. त्याच रस्त्याने निघालो. तिने स्टीअरिंग इतकं घट्ट धरलं होतं की बोटांची पेरं पांढरी पडली होती.

“बाळा, मूठ सैल कर.”

“सोडू?”

“सोडू नकोस. नुसता हात ठेव. पाळण्यावर ठेवतो तसा.”

पुढे तोच खड्डा होता. मी तिला चुकवू दिला नाही. चाक धाडकन आत गेलं, बाहेर आलं, आणि जीप जशी चालली होती तशीच चालत राहिली. ग्लोरियाने श्वास रोखला होता. आता येईल, आता येईल म्हणून ती वाट बघत होती, आणि काहीच आलं नाही. मग ती हसायला लागली आणि हसता हसता रडायला लागली. मी म्हटलं, आधी गाडी बाजूला घे.

आमच्या धंद्यात काम चांगलं झालं की गिऱ्हाईक तुम्हाला विसरतं. बिघडलं तरच परत येतं. इतक्या गाड्या सरळ केल्या, त्या पुढे कुठे गेल्या, कोणाला घेऊन गेल्या, मला काही माहीत नाही. मनाला लागून राहिलेली खंत म्हणाल तर हीच. ही एकच गाडी अशी की तिने मला पुन्हा बोलावलं.

काही आठवड्यांनी एका रविवारी ग्लोरियाने मला चौकला जेवायला नेलं. घरी बोंबील, तांदळाची भाकरी आणि बस्त्याव. ते आता काठीशिवाय अंगणात फिरत होते. जेवण झाल्यावर ग्लोरिया म्हणाली, “चला, मैदानावर.”

गावाच्या कडेला मासळी सुकवायची मोकळी जागा आहे. एका बाजूला बांबूंच्या मांडण्यांवर बोंबील टांगलेले, बाकी सपाट वाळूमाती. रविवार म्हणून तिथे कोणी नव्हतं. ग्लोरियाने जीप तिथे नेली, इंजिन बंद केलं आणि उतरून डावीकडे आली. “पप्पा, तिकडे बसा.”

बस्त्यावना काही कळेना. मलाही.

“रस्त्यावर नाही,” ती म्हणाली. “इथेच. पाय चालतोय ना क्लचला? हात एक आहे ना? गिअर मी टाकते.”

ते चढून बसायलाच बराच वेळ गेला. मी मागे बसलो. बस्त्यावनी उजवा हात स्टीअरिंगवर ठेवला. डावा मांडीवर निपचित. डावीकडे ग्लोरिया, तिचा हात गिअरच्या दांड्यावर.

“पहिला,” ते म्हणाले. तिने पहिला टाकला. जीप हलली. बैलगाडीच्या वेगाने आम्ही मैदानाला वळसा घातला. वळणावर त्यांनी स्टीअरिंग फिरवलं आणि सवयीने परत ओढायला खांदा लावला. ओढायची गरजच पडली नाही. चाक आपणहून सरळ होत त्यांच्या तळव्याखालून फिरत गेलं. त्यांनी हाताकडे बघितलं, मग माझ्याकडे आरशातून बघितलं.

“एवरी हलकी?” ते म्हणाले. “मी तर इतकी वर्षं हिच्याशी भांडत होतो.”

अजून एक वळसा झाला. मग ते समोर बघतच बोलले, “गो, त्या दिवशी मी तुला जे बोल्लो… तुला चालवता येत न्हाय म्हून…”

जीप पुन्हा वळणाला आली.

“गिअर सांगा, पप्पा,” ग्लोरिया म्हणाली.

“दुसरा.”

तिने दुसरा टाकला.

उन्हं उतरली तशी ती मला घरी सोडायला निघाली. बस्त्यावही आले. आता शेजारी ते, मागे मी. डोंगराचा उतार उतरून गाडी राईच्या रस्त्याला लागली. खाडीवरून वारा येत होता. रस्ता काही सुधारला नव्हता, पण जीप खड्डे खात सरळ चालली होती आणि ग्लोरिया नुसता हात ठेवून चालवत होती. मी तिला काहीतरी विचारलं. तिने ओठांवर बोट ठेवलं आणि डावीकडे खूण केली.

बस्त्याव झोपले होते. मान खिडकीकडे कललेली, तोंड किंचित उघडं. निरोगी हात मांडीवर उताणा पडलेला.

“काका,” ती अगदी हळू म्हणाली, “मी पप्पांना या गाडीत कधी झोपलेलं बघितलं नाही. मी चालवायचे तेव्हा तर डोळे नुसते रस्त्यावर असायचे, आणि हात असा पुढे.”

भाईंदर आलं, पूल झाला, इंद्रलोक आलं. माझी बिल्डिंग दिसायला लागली. ग्लोरियाने वेग कमी केला, बापाकडे बघितलं, आणि मग आरशातून माझ्याकडे.

“थांबवली तर उठतील.”

“मग नको थांबवूस,” मी म्हटलं.

आमच्या गेटवरचा वॉचमन मला ओळखून उठून उभा राहिला होता. त्याच्या समोरून आम्ही तसेच पुढे गेलो.